क्लेमेंटीच्या चौथ्या मजल्यावरचा मंत्री

बातमी मला आली नाही, मेधाला आली. शनिवारची सकाळ होती, आम्ही दोघं सिंगापूरच्या हौगांग भागातल्या बाजारात भाजी घेत होतो. मी पालकाच्या जुड्या उलटसुलट करून बघत होतो आणि मेधा शेजारच्या गाळ्यावर नारळ हलवून बघत होती. तिचा फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. पलीकडून हॉस्पिटलमधली कुणी मुलगी विचारत होती, मिस्टर नाम तुमचे कोण लागतात? मेधाने नारळ खाली ठेवला आणि इंग्रजीत एवढंच म्हणाली, “घरचे.” मग नुसती ऐकत राहिली... माझा कोरियन मित्र ग्यू-हो, आडनाव नाम, त्या सकाळी क्लेमेंटीच्या बस स्टॉपवर बसल्या जागी कोसळला होता. रुग्णवाहिका येईपर्यंत सगळं संपलं होतं. त्याच्या मोबाइलमध्ये, अडीअडचणीला कुणाला कळवायचं तिथे, मेधाचा नंबर होता. हातात पालकाची जुडी तशीच धरून मी उभा होतो, आणि मनात सगळ्यात आधी जे आलं ते दुःख नव्हतं. माझा नंबर का नाही, हे आलं.

महिना उलटून गेला. कोरियातल्या वर्तमानपत्रांनी त्याच्यावर बरंच लिहिलं, त्याच्या पुतणीने त्यातलं थोडंफार आम्हाला इंग्रजीत सांगितलं. त्यांच्या लेखी त्याची दोन रूपं होती. लष्करी राजवटीविरुद्ध लढून तुरुंगात गेलेला क्रांतिकारक, आणि कामगारमंत्री झाल्यावर कामगारांना दिलेला शब्द मोडणारा माणूस. दोन्ही खरी असतील. मी ज्याच्याबरोबर राहिलो तो या दोन्हींच्या मधल्या काळातला. ज्याच्या फ्रीजमधल्या आंबवलेल्या कोबीच्या किमचीवरून माझं रोज भांडण व्हायचं, तो.

नव्वदीच्या सुरुवातीला मी पुण्याहून सिंगापूरला अर्थशास्त्रात पीएच.डी. करायला आलो. विद्यापीठाजवळ क्लेमेंटीत चौथ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट भाड्याने मिळत होता, पण एकट्याला परवडणारा नव्हता. विद्यापीठातल्या फलकावर चिठ्ठी लावली आणि दुसऱ्या दिवशी दारात एक किडकिडीत, जाड चष्म्याचा माणूस उभा राहिला. एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात झाकण दोरीने बांधलेली मोठी बरणी. नाव सांगण्याआधी त्याने माझं वय विचारलं. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा निघाला, तसा समाधानाने आत आला आणि मोठी खोली घेऊन टाकली. कोरियात असंच असतं म्हणे. मोठ्याला मोठी खोली. ‘श्रीकांत’ त्याच्या जिभेवर कधीच बसलं नाही. मी पहिल्या दिवशी ‘सिरी’ झालो तो शेवटपर्यंत सिरीच राहिलो.

तो तुरुंगातून सुटून आलाय हे मला चार-पाच महिने माहीतच नव्हतं. कामगार-संबंधांवर एक अभ्यासक्रम करायला आलाय, एवढंच ठाऊक. संध्याकाळी तो भात लावायचा, मी आमटी करायचो, आणि आम्ही प्राध्यापकांच्या नकला करत जेवायचो. त्या दिवसांत माझ्याएवढं जवळचं त्याला या शहरात कुणी नव्हतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे, कारण नंतर तसं कधीच राहिलं नाही.

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. मेधा नाशिकची. ती आली तेव्हा वेगळं घर घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून आम्ही तिघं त्याच फ्लॅटमध्ये राहिलो. ग्यू-होने न सांगता आपलं सामान लहान खोलीत हलवलं होतं. नवऱ्याचा मित्र म्हणून मेधाने त्याला ‘भावजी’ म्हणायला सुरुवात केली, इंग्रजी बोलतानासुद्धा. त्याने त्या शब्दाचा अर्थ नीट विचारून घेतला, आणि मग कुणी ओळख विचारली की सांगायचा, “मी भावजी आहे.” ती येऊन आठवडाही झाला नसेल. दोघं ओट्याशी लसूण सोलत बसले होते. तिने त्याला सरळ विचारलं, तुमच्या मनगटावर हे कसले व्रण आहेत? मी जवळजवळ दीड वर्ष त्या माणसाबरोबर जेवत होतो. मी कधी विचारलं नव्हतं... आणि त्याने सांगितलं. माझ्या देखत, पण तिच्याकडे बघत.

कॉलेजात शिकलेल्या पोराला तिथे कारखान्यात कुणी घेत नसे, कारण असा पोरगा संघटना करायलाच येतो हे मालकांना ठाऊक होतं. म्हणून ग्यू-होने शिक्षण लपवलं, खोटं नाव घेतलं आणि यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात कामाला लागला. हात पुस्तकी, लेथवर ठरेना. शेजारच्या मशीनवरच्या ब्योंग-चोलने त्याला काम शिकवलं, आपल्या खोलीत झोपायला जागा दिली. हा मुलगा कामगार नाही हे त्याने पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं, पण बोलला नाही. संप झाला तेव्हा ग्यू-हो फरार झाला आणि ब्योंग-चोल पकडला गेला. पोलिसांना ग्यू-होचं खरं नाव आणि ठावठिकाणा हवा होता. ब्योंग-चोलला इतकं मारलं की त्याचा एक कान कायमचा गेला, पण त्याने नाव सांगितलं नाही. ग्यू-हो नंतर दुसऱ्याच कुणाच्या फितुरीने सापडला. दोघांना शिक्षा झाली, पण तुरुंग वेगवेगळे. मनगटावरचे व्रण तिथल्या बेड्यांचे.

मेधाच्या हातातला लसूण तसाच राहिला होता. ग्यू-होने मग वातावरण हलकं करायला विचारलं, सिरीच्या देशातही चळवळी होतात ना, सिरी कधी तुरुंगात गेला होता का? मेधा म्हणाली, “गेला होता ना. संध्याकाळपर्यंत.”

तिच्या मनात कुचेष्टा नव्हती. पुण्यात फीवाढीच्या मोर्चात आम्हाला धरून पोलीस चौकीत बसवलं होतं. हवालदाराने चहा पाजला आणि दिवेलागणीला वडील स्कूटरवरून न्यायला आले. ही गोष्ट मी साखरपुड्यात मेधाच्या घरी रंगवून सांगितली होती आणि तिच्या डोळ्यांत तेव्हा चमक आली होती. त्या संध्याकाळनंतर मी ती गोष्ट कुणालाही सांगितली नाही. सांगण्यासारखं तिच्यात काही उरलंच नव्हतं.

गैरसमज नको. त्या दोघांत तसलं काही नव्हतं, आणि मला तसला संशय एक क्षणही आला नाही. संशय असता तर सोपं होतं, संशयावर भांडता येतं. तो मेधाशी जसा बोलायचा तसा माझ्याशी बोलत नसे, एवढंच होतं. माझ्याशी तो हसायचा, वाद घालायचा, माझ्या आमटीला नावं ठेवायचा. तिला तो आतलं सांगायचा. आणि ती माझं ऐकताना भाजी निवडायची, त्याचं ऐकताना भाजी बाजूला ठेवायची. हे मी कितीदा पाहिलं असेल...

अभ्यासक्रम संपवून तो परत गेला. तिकडचे वारे बदलले होते. कालचे कैदी निवडणुकीला उभे राहत होते. तो आधी कामगार संघटनेत गेला, मग पक्षात, मग संसदेत. नवीन वर्षाला त्याचा फोन यायचा. मी पीएच.डी. संपवून इथेच विद्यापीठात शिकवायला लागलो, मुलगी रेवा झाली, आम्ही हौगांगला स्वतःचं घर घेतलं, इथलं नागरिकत्व घेतलं. आयुष्य चांगलं चाललं होतं. कुणी विचारलं असतं तर मी सुखी आहे असंच म्हणालो असतो. मग एका दुपारी दातांच्या दवाखान्यात बसलो असताना भिंतीवरच्या टीव्हीत तो दिसला. गडद सूट, केस मागे वळवलेले, तोच जाड चष्मा. कामगारमंत्री म्हणून शपथ घेत होता. शेजारच्या बाईंना सांगावंसं वाटलं की हा माझा मित्र आहे. आणि त्याच वेळी, कुणीतरी चॅनेल बदलेल तर बरं, असंही वाटलं.

मंत्री असताना तो एकदा कुठल्याशा परिषदेसाठी सिंगापूरला आला. दूतावासाचा निरोप आला की साहेब हॉटेलवर भेटतील. मेधाने उलट निरोप धाडला की भावजींना जेवायला घरी यायला सांगा. आणि तो आला. आमच्या बिल्डिंगखालच्या मोकळ्या जागेत, जिथे म्हातारे पत्ते खेळतात, तिथे काळ्या सूटमधले दोन अंगरक्षक उभे राहिले. शेजारच्या चिनी आजी दार किलकिलं करून बघत राहिल्या. त्याने बूट काढले, टाय सैल केला आणि ताटावर बसला. मेधाने थालीपीठ केलं होतं. त्याने चार खाल्ली. रेवा तेव्हा शाळकरी होती. तिने त्याला इथल्या पोरांच्या पद्धतीने विचारलं, “अंकल, मिनिस्टर होणं फन असतं की नाही लाह?” तो खूप हसला. मग हात पुसत माझ्याकडे वळून म्हणाला, “सिरी, तुरुंगात माझं कुणी ऐकत नव्हतं, पण मी बोलायचो ते माझं होतं. आता सगळे ऐकतात...”

मेधा म्हणाली, “मग सोडून द्या.”

“आणखी थोडं काम राहिलंय, वहिनी.” ‘वहिनी’ हा शब्द तिनेच शिकवला होता.

दुसऱ्या दिवशी विद्यापीठात ही गोष्ट कशी कोण जाणे पसरली. आमचे डीन, ज्यांना माझ्या खोलीचा मजला ठाऊक नव्हता, ते स्वतः चालत आले आणि मंत्र्यांना व्याख्यानाला बोलावता येईल का म्हणाले. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला मिळालेला सगळ्यात मोठा मान हा. मी ग्यू-होच्या ताटाला ताट लावून जेवलो होतो.

पुढच्याच वर्षी ते घडलं. कोरियात समुद्रकाठच्या एका जहाजबांधणी कारखान्यात कंत्राटी कामगारांनी संप केला आणि जहाजं रंगवायच्या शेडच्या छपरावर चढून बसले. पुढारी होता ब्योंग-चोल. एव्हाना त्याचे केस पांढरे झाले होते. बोलणी फिसकटली तेव्हा मंत्रिमहाशय स्वतः गेले. बाकी सगळ्यांना खाली ठेवून ग्यू-हो एकटा शिडीने छपरावर चढला. खालून कॅमेरे लागले होते. आम्हीही टीव्हीवर पाहिलं. दोघं जुने मित्र मांडी घालून एकाच भांड्यातून शेवया खात होते. मेधाच्या डोळ्यांत पाणी होतं. उतरताना त्याने सगळ्यांसमोर शब्द दिला की मी या खात्यात आहे तोवर पोलीस वर चढणार नाहीत. दोनच दिवसांनी पहाटे पोलीस वर चढले. झटापटीत ब्योंग-चोल छपरावरून खाली पडला. जीव वाचला, पाय गेले.

ग्यू-होने सांगितलं की त्याला न कळवता ही कारवाई झाली. मग राजीनामा द्या, असं सगळा देश म्हणाला. त्याने दिला नाही. कंत्राटी कामगारांसाठीचा एक कायदा त्याने तयार केला होता, तो मंजूर होईपर्यंत खुर्ची सोडणार नाही म्हणाला. लोकांनी त्याला खुर्चीला हपापलेला म्हटलं. जुन्या सोबत्यांनी त्याच्या तुरुंगातल्या तसबिरी संघटनेच्या कचेरीतून उतरवल्या. काही महिन्यांनी सरकारने तो कायदा गुंडाळून ठेवला आणि त्यालाही काढून टाकलं. पुढची निवडणूक तो स्वतःच्या गावातून हरला. त्या काळात त्याचे फोन यायचे. मी उचलला तर तब्येत, हवापाणी, रेवाचा अभ्यास. मग म्हणायचा, वहिनी आहेत का? मेधा फोन घेऊन गॅलरीत जायची आणि बराच वेळ नुसती ऐकत उभी राहायची. मी काचेच्या अलीकडे वर्तमानपत्र घेऊन बसायचो.

मित्राची भरभराट सोसवत नाही, असा माणूस मला समजतो. पण मला त्याचं पडणंही सोसवलं नाही. ते दुःखामुळे म्हणाल तर दुःख होतंच. त्याच्या तळाशी मात्र आणखी काहीतरी होतं. तो इतका उंचावरून पडला की सगळा देश बघायला उभा राहिला. मी कधी कुणाला एवढा मोठा शब्द दिला नाही की तो मोडला तर वर्तमानपत्रात छापून यावं.

काही वर्षांनी तो सिंगापूरला आला तो राहायलाच. विद्यापीठात वर्षभरासाठी पाहुणा अभ्यासक म्हणून एक जागा होती, ती मी त्याला सुचवली आणि तिची मुदत पुढे वाढत गेली. शहराच्या उत्तर टोकाला वुडलँड्सला भाडं कमी पडेल म्हणून मी तिकडे खोल्या बघून ठेवल्या होत्या. त्याने ऐकलं नाही. क्लेमेंटीतच एका चिनी विधवेच्या घरात, पुन्हा चौथ्याच मजल्यावर, एक खोली घेतली. लग्न त्याने केलंच नव्हतं. आठवड्यातून एकदा तो आमच्याकडे जेवायला यायचा. बोलणं कमी झालं होतं. दर शरद ऋतूत आठवडाभर कोरियाला जाऊन यायचा आणि आल्यावर काही दिवस अगदी गप्प असायचा. मी समजायचो, पुतणीला भेटायला जातो.

गेल्या वर्षी मी निवृत्त झालो आणि ग्यू-हो आणि मी संध्याकाळी क्लेमेंटीत चालायला लागलो. आधी त्याच्या घराजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्यापिण्याच्या गाळ्यांत, एक एक कॉफी, मग चालणं. एकदा बाकावर टेकलो असताना, इतकी वर्षं मनात ठेवलेलं मी विचारलं. पोलिसांच्या कारवाईचं तुला खरंच माहीत नव्हतं का?

त्याने समोरच्या रस्त्याकडे तोंड वळवलं. मग म्हणाला, “आदल्या संध्याकाळी गृहखात्याचा फोन येऊन गेला होता. माझा सचिव म्हणाला, उद्या सकाळी बोलू का? मी बरं म्हटलं. कशाबद्दल आहे, विचारलं नाही... विचारलं असतं तर कळलं असतं, सिरी. आणि कळलं असतं तर त्याच रात्री राजीनामा द्यावा लागला असता. मला तो कायदा करायचा होता.”

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. खरं सांगतो, त्या क्षणी त्याच्या दुःखाबरोबर माझ्या मनात एक वेडा आनंदही होता, की हे त्याने मला सांगितलं. घरी आल्यावर मी मेधाला हळू आवाजात सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, “माहीत आहे. तेव्हाच सांगितलं होतं त्यांनी, फोनवर.” आणि घड्या घालत राहिली.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांतच तो गेला.

पुतणी सो-यॉन दुसऱ्या दिवशी आली. तिला घ्यायला मी विमानतळावर गेलो, तर ती एक चाकाची खुर्ची ढकलत बाहेर आली. खुर्चीत पांढऱ्या केसांचा, रुंद खांद्यांचा एक म्हातारा होता. टीव्हीवर छपरावर पाहिलेला तोच चेहरा. तिने ओळख करून दिली, हे ब्योंग-चोल काका. मी हात पुढे केला. त्याने तो दोन्ही हातांत घेतला आणि चांगला कान माझ्याकडे वळवून माझं नाव विचारलं. मी सिरी म्हणालो.

अंत्यविधी मंडाईला झाला. पुण्याच्या माणसाला हे नाव ऐकलं की भाजी आठवते. इथे ते स्मशानाचं नाव आहे. विद्यापीठातले थोडे लोक आले, दूतावासाकडून एक पुष्पचक्र आलं, आमचे दोन-चार मराठी स्नेही आले. सगळ्यात पुढे, जिथे घरच्या माणसाने बसायचं, तिथे सो-यॉनने ब्योंग-चोलची खुर्ची नेऊन लावली. कुणी काही विचारलं नाही. मेधा सो-यॉनच्या बाजूला उभी राहिली. मी दुसऱ्या रांगेत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्योंग-चोल म्हणाला की ग्यू-होची खोली बघायची आहे. मेधाला बरं नव्हतं, ती आली नाही. क्लेमेंटीला लिफ्टने वर गेलो. घरमालकीण बाईंनी दार उघडलं, पण खोलीच्या दारातून खुर्ची आत जाईना. सो-यॉन बारीक चणीची. मग मी वाकलो, त्याने माझ्या गळ्यात हात टाकला आणि मी त्याला उचलून आत नेऊन पलंगावर बसवलं. माणूस जड होता, माझ्या पाठीत कळ आली. खोलीत फारसं काही नव्हतं. टेबल, पुस्तकं, खिडकीखाली भाताचा कुकर. त्याने एकेक गोष्ट बघितली. मग सो-यॉनशी कोरियनमध्ये बोलला आणि ती खाली मान घालून मला सांगत गेली.

“काका म्हणतात, तो दर वर्षी यायचा. आठवडाभर रोज सकाळी आमच्या दाराबाहेर उभा राहायचा. मी दार उघडलं नाही. तिसऱ्या वर्षी बायकोने त्याला बसायला स्टूल नेऊन दिलं. मी तिला काही बोललो नाही, पण दार उघडलं नाही.”

मग ब्योंग-चोलने सरळ माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं. सो-यॉन थांबली. तिला ते माझ्याशी बोलायचं नव्हतं, हे दिसत होतं. शेवटी म्हणाली, “काका विचारतात, त्याला माहीत होतं का? पोलीस चढणार आहेत हे. तुम्हाला त्याने काही सांगितलं का?”

खोटं बोलणं अवघड नव्हतं. नाही, त्याला माहीत नव्हतं, एवढं म्हटलं असतं तर गेलेल्या मित्राची अब्रू राहिली असती आणि समोरच्या अपंग माणसालाही कदाचित बरं वाटलं असतं. पण त्याने इतक्या लांबून येऊन मला विचारलं होतं. मेधाला नाही, मला. मी सांगितलं. आदल्या संध्याकाळचा फोन, उद्या सकाळी बोलू का, आणि त्याने म्हटलेलं बरं. सगळं, जसं ऐकलं तसं. सो-यॉनचा आवाज मध्येच फाटला, तरी तिने शेवटपर्यंत सांगितलं.

ब्योंग-चोलने मान हलवली. रागावला नाही, रडला नाही. “विचारलं नाही,” एवढंच दोनदा म्हणाला. मग थोड्या वेळासाठी एकटं सोडा असं हाताने खुणावलं. आम्ही बाहेर आलो, दार लोटलं.

ज्याला एकाच कानाने ऐकू येतं तो मोठ्यानेच बोलतो. आतून त्याचा आवाज यायला लागला. आधी सावकाश, एखाद्याला समोर बसवून बोलावं तसा. मग चढत गेला. तो ग्यू-होला रागे भरत होता. शब्द एकही कळत नव्हता, पण माणूस माणसाला झापतो तेव्हा ते कुठल्याही भाषेत कळतं. मध्येच थांबायचा, जणू उत्तराची वाट बघायचा, आणि पुन्हा सुरू करायचा. सो-यॉन भिंतीकडे तोंड करून उभी होती. घरमालकीण बाई ओट्याशी पाठमोऱ्या. आणि मी रिकामी खुर्ची धरून अरुंद बोळात उभा होतो. इतक्या वर्षांच्या मैत्रीत आम्ही किमचीवरून भांडलो, आमटीवरून भांडलो, पण असे कधीच भांडलो नाही. असं भांडण्याइतकं त्याने माझं काही बिघडवलं नव्हतं, आणि मी त्याचं. दर शरदात तो कुणाच्या दारासमोर जाऊन उभा राहायचा ते दार माझं नव्हतं. मला त्या पांगळ्या माणसाचा हेवा वाटला. कुणाचा वाटला नव्हता एवढा.

घरी आल्यावर मेधाला सगळं सांगितलं, त्या हेव्यासकट. ती पडूनच होती. “मला तर वाटायचं तुला भावजींचा हेवा वाटतो,” ती म्हणाली. मलाही इतकी वर्षं तेच वाटत होतं.

सो-यॉन अस्थी घेऊन गेली, ब्योंग-चोलही गेला. जाताना त्याने सो-यॉनकरवी सांगितलं की ग्यू-होच्या अस्थी ब्योंग-चोलच्या गावात ठेवणार आहेत, त्याच्या घरापासून जवळ. मी बरं म्हटलं. पुस्तकं विद्यापीठाला दिली, कुकर मालकीण बाईंनी ठेवून घेतला. त्यांनी मला विचारलं की तुमच्या ओळखीत कुणी चांगला भाडेकरू आहे का. विद्यापीठात नुकतीच संशोधनाला आलेली कोल्हापूरची एक मुलगी, ईशा, आमच्या मराठी मंडळात भेटली होती. जागा शोधत होती. गेल्या आठवड्यात मी तिला घेऊन गेलो.

मालकीण बाईंशी बोलून झाल्यावर आम्ही खोलीत गेलो. भिंती नव्याने रंगवल्या होत्या, पलंग हलवून दुसऱ्या बाजूला लावला होता. बाहेर आभाळ भरून आलं होतं आणि वाऱ्याने खिडकी आपटत होती. ईशा ती बंद करायला गेली, पण बंद होईना. मी म्हटलं थांब, आणि चौकट खालून किंचित उचलून आपल्याकडे ओढली. खिडकी बसली.

“काका, तुम्हाला कसं माहीत?” तिने विचारलं.

“इथे आधी जे राहायचे, ते अशी लावायचे.”

“कोण राहायचं? काय करायचे ते?”

क्रांती, तुरुंग, मंत्रिपद, छप्पर, सगळं जिभेवर आलं. ईशा खिडकीला टेकून वाट बघत होती. तिला त्याच्याबद्दल काहीच ठाऊक नव्हतं. ना मेधाकडून, ना वर्तमानपत्रातून.

“माझा मित्र होता,” मी म्हणालो. “आम्ही एकत्र राहायचो.”